पॉइंट नसलेली जागा

आयर्लंडच्या मधल्या सपाट भागात, अथलोनजवळ राहायला आल्यावर बराच काळ मी बॉगला पडीक जमीन समजत होते. तपकिरी, ओलसर माळ, त्यावर हेदरची खुरटी झुडपं आणि वर राखाडी आभाळ. मी साताऱ्याची. निसर्ग बघायला जायचं तर महाबळेश्वरच्या सवयीने आधी पॉइंट कुठले ते विचारायचं, कठड्याला टेकून फोटो काढायचे आणि मक्याचं कणीस खाऊन परतायचं. ऑफली काउंटीतल्या क्लारा बॉगवर मी गेले तीही अशीच, फेब्रुवारीत, कापडी बूट घालून, पुढे एका वाढदिवसाला पोचायच्या घाईत. तिथली फळ्यांची गोल वाट जेमतेम एक किलोमीटरची. ती झपाझप संपवली आणि सोमवारी ऑफिसात सांगून टाकलं, "काही नाही तिथे."

पश्चिम युरोपात जे थोडे रेझ्ड बॉग चांगल्या अवस्थेत उरलेत, त्यांतला हा एक. हिमयुगानंतर मागे राहिलेली उथळ तळी हळूहळू वनस्पतींनी भरली आणि त्यांवर स्फॅग्नम नावाचं शेवाळ चढलं. मेलेलं शेवाळ पाण्याखाली, हवेवाचून नीट कुजत नाही. थरावर थर साचून त्याचंच पीट होतं. वाढ वर्षाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे मीटरभर चढायला हजार वर्षं. असा चढत चढत बॉग आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच होतो, तव्यावर फुगायला लागलेल्या भाकरीसारखा मध्यावर वर आलेला. मग जमिनीतलं पाणी त्याच्या माथ्यापर्यंत पोचत नाही. त्याला मिळतं ते फक्त पावसाचं, आणि स्फॅग्नम ते आपल्या कोरड्या वजनाच्या वीसेक पट साठवून धरतं. मी ज्या फळ्यांवरून घड्याळ बघत चालले, त्यांच्याखाली कित्येक हजार वर्षं होती. आणि मी शोधत होते कठडा.

लॉन्गफर्डमधल्या कॉर्लीला जायचा बेत तर त्याहून गबाळा. इसवी सनापूर्वी १४८ मध्ये तोडलेल्या ओकच्या फळ्यांनी बॉगवर बांधलेला रस्ता तिथे १९८४ मध्ये सापडला. झाड कुठल्या वर्षी तोडलं हे लाकडातल्या वर्तुळांवरून कळलं. इतका अवजड रस्ता, पण स्वतःच्याच वजनाने थोड्या वर्षांत बुडाला, आणि बुडाला म्हणूनच टिकला. त्याचा एक तुकडा तिथल्या केंद्रात जपून ठेवलाय. मी मैत्रिणींना घेऊन जानेवारीत पोचले. केंद्र हिवाळ्यात बंद असतं, हे दोन मिनिटांत फोनवर दिसलं असतं. काचेला नाक लावून काही दिसतं का ते पाहिलं आणि गाडीतच थर्मासमधला चहा प्यायलो. वर मीच म्हणाले, "या लोकांना पर्यटन जमतच नाही."

पुढच्या उन्हाळ्यात आई आली. तिला बॉग दाखवायचा म्हणून लॉक बूराला नेलं. सायकली, सपाट वाटा, तळी, बर्चची झाडं, पाणपक्षी, शिवाय पीट वाहणाऱ्या जुन्या आगगाडीचं इंजिन आणि डबे कमानीत उभे करून केलेलं शिल्प. आई खूश. मी ऐटीत सांगितलं, "हाच तो बॉग, अस्सल निसर्ग." आईने शिल्पाकडे बोट दाखवून विचारलं, "आणि ही गाडी काय नेत होती?" मग मला फलक वाचावा लागला. पीट यंत्रांनी खरवडून नेल्यावर जो तळ उरला, त्यावर ही तळी आणि झाडं आलीत. जागा सुंदर आहे, पुन्हा जाईन. पण मी आईला खाण संपल्यावरची बाग दाखवत होते आणि तिला अस्सल म्हणत होते. आयर्लंडमधल्या रेझ्ड बॉगांपैकी अजून शेवाळ चढतंय, पीट घडतंय, असे १ टक्काही उरलेले नाहीत, हेही मला त्याच दिवशी कळलं.

म्हणून जुलैत पुन्हा क्लारा, आईबरोबर आणि निवांत. त्या खेपेला पाहिलं की फळ्यांच्या दोन्ही बाजूंना नुसता तपकिरी रंग नाही. शेवाळच लाल, पोपटी, पिवळट. मध्ये बॉग ॲस्फोडेलच्या पिवळ्या चांदण्या, कापसाच्या पांढऱ्या बोंडांसारखं बॉग कॉटन. आई एकदम वाकली. "अगं, हे आपलं दवबिंदू!" खरंच ड्रॉसेराच होतं. कासच्या पठारावर असतं त्याचं भावंड, पानं मात्र गोल. दोन्हीकडे कारण एकच. जमिनीतून पोषण मिळत नाही, म्हणून चिकट थेंबांवर किडे धरायचे. कासवर निळीजांभळी सीतेची आसवं फुलतात, तीही किडे खाणाऱ्या कुळातली, आणि तिचे नातलग इथल्या डबक्यांत आहेत.

मी हरखले. फोन काढला. पान जवळून हवं होतं, म्हणून एक पाय फळीवरून खाली शेवाळावर ठेवला. कासला मीच पर्यटकांवर कितीदा ओरडले होते! फुलांत लोळून फोटो काढणाऱ्यांना 'जागतिक वारसा आहे हा, घरची गादी नव्हे' असं सुनावलं होतं. पण कासला पायाखाली जांभा खडक असतो. इथे काहीच नव्हतं. पाय गुडघ्याच्या वर गेला. पाणी बर्फासारखं गार. मी घाबरून ओढायला लागले, तसा बूट आत आणखी घट्ट बसला. आईचं माहेर भातशेतीचं, चिखलणीत वाढलेली ती. फळीवर बसली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "ओढू नकोस. टाच हलव आधी, पाणी शिरू दे. मग बोटं वळव." पाय आला. बूटही आला, पण आईने हात घालून काढल्यावर.

मागून येणारं एक वयस्क जोडपं थांबून बघत होतं. त्यांनी फक्त सगळं ठीक ना, एवढं विचारलं. शेवाळात मात्र मोठा काळा खड्डा पडला होता आणि दवबिंदूची बरीच रोपं त्यात दबली होती. असे ठसे भरायला इथे कित्येक वर्षं लागतात. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला याच बॉगच्या एका भागात पीट काढायच्या तयारीने चर खणले होते. १९८७ मध्ये निसर्ग राखीव झाल्यावर पुढे ते बांध घालून अडवावे लागले. एका चरामुळे बॉग सुकतो, सुकला की खचतो. माझा खड्डा त्यामानाने लहान, असं मी परतताना आईला सांगून पाहिलं. तिने उत्तर दिलं नाही, ओले हात झटकले.

पुढची गोष्ट सांगायला मला सगळ्यात जड जाते. आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांच्या घराण्याकडे बॉगच्या एका पट्ट्यावर टर्फ, म्हणजे जाळायचं पीट, कापायचा पिढीजात हक्क आहे. हिवाळ्यात त्यांच्या धुराड्यातून येणारा तो मातकट गोड वास मला आवडायचा, पण क्लारानंतर मी नवी भक्तीण झाले होते. त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच चहावर, मी त्यांना ऐकवलं की जगाच्या जमिनीत पीटच्या जागा ३ टक्क्यांच्या आसपास, पण कार्बन साऱ्या जंगलांपेक्षा जास्त धरून ठेवतात, आणि तुम्ही तो जाळताय. ते ऐकत राहिले. आपली आई आणि आजी याच आगीवर भाकऱ्या भाजायच्या, एवढंच म्हणाले. काही दिवसांनी ते कुंपणाशी बोलायला आले तेव्हा माझ्या छोट्या हरितगृहात मेथी आणि कोथिंबीर पेरली होती. शेजारी खताची फाडलेली मोठी पिशवी. त्यांनी चष्मा वर करून पिशवीवरची अक्षरं वाचली आणि ती शांतपणे माझ्याकडे वळवली. आत जवळजवळ सगळं पीटच होतं. वर्षानुवर्षं मी ते विकत आणत होते, कारण त्यात बी छान रुजतं. त्यांनी जाळलेल्यातून निदान घर तरी उबदार होत होतं.

मी माफी मागितली. ते म्हणाले, मे महिन्यात टर्फ वाळवायला मदतीला याल का? यंत्राने कापून ओळीत अंथरलेल्या ओल्या टर्फच्या लांबट विटा वरून जरा वाळल्या की हाताने उभ्या कराव्या लागतात. चारपाच विटा एकमेकींना टेकवून एक माथ्यावर, म्हणजे मधून वारा खेळतो. दिसायला सोपं. माझे मनोरे मी पुढच्या ओळीला वळले की मागे कोसळायचे. ते काही न बोलता माझ्यामागून येऊन ते पुन्हा रचत होते. कंबर आठवडाभर धरली होती.

टर्फ जाळणं योग्य असं मला अजूनही वाटत नाही आणि ते त्यांना माहीत आहे. आता मी पीट नसलेलं खत आणते. त्यात मेथी येते. कोथिंबीर मात्र अजून रुसते, आणि हे शेजाऱ्यांना सांगायचं मी टाळते आहे.