साडेसदतीस अंश

रविवारची सकाळ. मुनिरकामधल्या डीडीए फ्लॅटच्या बाल्कनीत मामा पेपर उघडून बसले होते. तेवढ्यात फोन वाजला. विदर्भातल्या एका वीज केंद्राच्या साइटवरून भाचा बोलत होता. नोकरीला जेमतेम तीन महिने झालेले, आवाज पडलेला.

"मामा, मेन स्टीम लाइनचा पाइप आहे. पी-९१ पोलाद, चाळीस मिलिमीटर जाड. ठेकेदार म्हणतो, साधा व्ही मारू, ग्राइंडरनं संध्याकाळपर्यंत होईल. मशीन मागवलं तर तीन दिवस जातील."

भिकाजी कामा प्लेसमधल्या ऑफिसात मामांनी उभा जन्म पाइपांची ड्रॉइंग्ज तपासली. बेव्हल म्हटलं की कपाळावरचा चष्मा आपोआप नाकावर येतो! त्यांनी पेपरच्या कोऱ्या समासात आकृती काढली.

दोन पाइप नुसते टोकाला टोक लावून जोडता येत नाहीत. वेल्डरचा रॉड तळापर्यंत पोचला पाहिजे, म्हणून दोन्ही टोकांना उतार द्यायचा. तोच बेव्हल. नेहमीचा उतार साडेसदतीस अंशांचा. भिंत बावीस मिलिमीटरपर्यंत असेल तर तो पुरतो. त्याहून जाड पाइपाला तोच उतार सरळ वरपर्यंत नेला, तर खाचेचं तोंड भलतंच फाकतं. चाळीसच्या पाइपाला बासष्ट मिलिमीटर! म्हणून तळापासून एकोणीस मिलिमीटरपर्यंत साडेसदतीस अंश ठेवायचे आणि तिथून पुढे भिंत दहा अंशांवर जवळजवळ उभी करायची. तोंड सदतीसवर येतं, भरायचा धातू पाचव्या हिश्शानं कमी होतो.

"म्हणजे रॉड वाचवायचे?" भरल्या वांग्यांना चिरा देत मामींनी विचारलं.

रॉडचं काय एवढं! पण हे पोलाद मोठं मानी. वेल्डिंगआधी दोनशे अंशांवर तापवायचं, नंतर साडेसातशेच्या वर नेऊन हळूहळू निववायचं. जितके थर जास्त, तितकी उष्णता जास्त, धातूचं आकसणं जास्त आणि एखाद्या थरात मळी अडकण्याची भीतीही जास्त.

"मग अजून अरुंद का नाही करत?"

"तुझ्या वांग्याला चीर बारीक दिलीस तर मसाला देठापर्यंत जाईल का?"

मामींना पटलं. तळाशी जागा हवी. वेल्डरला तिथला धातू वितळताना दिसला पाहिजे, नाहीतर बाजूची भिंत वितळतच नाही. वरून जोड छान दिसतो, आत मात्र तो धरलेलाच नसतो.

फोनवर भाचा वाट पाहत होता.

"ड्रॉइंगवर काय आहे?" मामांनी विचारलं.

"दोन उतारांचा."

"आणि वेल्डरची परीक्षा कशावर झाली?"

"त्याच्यावरच."

"मग?"

"साहेब चिडतील, मामा. आधीच उशीर झालाय."

मामा क्षणभर गप्प राहिले. साध्या व्हीनं पाइप फुटेलच असं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तसे जोड त्यांनी पाहिलेही होते. पण हातानं घासलेला उतार जागोजागी बदलतो, आणि त्या पाइपातून पाचशे चाळीस अंशांची वाफ जाणार. ती डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

"सही कोणाची आहे?"

"माझी."

"मशीन मागव. साहेबांना लेखी कळव."

भाच्यानं मशीन मागवलं. पुढचे तीन दिवस मुनिरकात फोनची रिंग वाजली की मामीच आधी उठत. बुधवारी रात्री भाच्याचा फोन आला. साहेब चिडले होते, बोललेही होते. पण मशीन आलं होतं.

"तोंड किती?" मामांनी एवढंच विचारलं.

"सदतीस."

"तळाची गॅप?"

"तीन. सगळीकडे तीन."

"बरं. आता जेव."