स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात सध्या वारस नोंदीचा विषय चालू आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बहिणींनी तर वाचाच.

१९२५ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला. मूकपट. कथा नारायण हरी आपटे यांची. तेव्हा पडद्यावर देवदेवता, राजे आणि लढाया यांचीच चलती होती. पेंटरांनी तिथे शेतकऱ्याचं खोपट आणलं. सावकाराच्या तावडीत शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. हा तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम.

पुढे १९३७ साली याच शांतारामांनी प्रभातमध्ये ‘कुंकू’ केला. तोही आपट्यांच्याच ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर. तोवर बोलपट आले होते. ज्यांनी वाढवलं तेच नीरेला फसवून एका म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधतात. ती मात्र गप्प बसत नाही, हे लग्न मी मानत नाही म्हणून उभी राहते.

एकाच लेखकाच्या दोन गोष्टी. एक जमिनीची, दुसरी लग्नाची. आमच्या शहापूर-मुरबाडकडे ही एकच गोष्ट आहे, कारण मुलीचं लग्न झालं की जमिनीतलं तिचं बोलणं संपतं. तिचा सिनेमा अजून मूकपटच आहे.

पूर्वी यावर भांडण नव्हतं, कारण भांडण्यासारखं काही नव्हतं. भातसा, तानसा, वैतरणा उशाला आणि मे महिन्यात टँकर दाराला, हे आमचं शहापूर. पावसाळी भाताचं एक पीक, वरकस जमिनीत थोडी नाचणी-वरी. मग समृद्धी महामार्ग आला. थेट खरेदीत गावाकडच्या जमिनीला सरकारी दराच्या पाचपट मोबदला मिळाला. ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही सुरू झाला. मुरबाडकडे फार्महाऊसवाले आहेतच. गुरं चारायच्या माळाला भाव आला आणि घराघरात बहिणींची आठवण निघाली. सहीसाठी.

सही का लागते, तर कायद्यामुळे. १९९४ साली महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. म्हणजे हक्काची फूटपट्टी पुन्हा लग्नच! २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीत ती अट राहिली नाही. ११ ऑगस्ट २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हा हक्क जन्माने मिळतो, २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही. आधी रीतसर वाटप झालेलं नसेल तर मुलगी मुलाइतकीच वाटेकरी. कायद्याने वाटा दिला आणि घरांनी हक्कसोडपत्राचा नमुना छापून घेतला.

आमच्या शेजारपाड्यातल्या ठाकूर, कातकरी बहिणींचं तर आणखी अवघड. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही. तिथे रूढी चालते. गेल्या वर्षी जुलैमध्ये, म्हणजे २०२५ साली, सर्वोच्च न्यायालयाने एका आदिवासी कुटुंबाच्या खटल्यात समानतेच्या तत्त्वावर मुलीच्या वारसांना वाटा दिला. पण तो निकाल पाड्यावर पोचवणार कोण?

आता घरातलं सांगते. माझी आत्या शहापूरची लेक, मुरबाडला दिलेली. रस्त्याचे पैसे यायचे होते तेव्हा माझे बाबा आणि काका तिला गाडीने घेऊन गेले. तिला अंगठा ठेवायला सांगितला, कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं. दस्तावर तिचा फोटो आहे, त्यात ती हसतेय. खाली लिहिलंय, ‘स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय माझा हक्क सोडत आहे.’ मूकपटात मधे पाटी यायची ना, तशी. पात्र काही बोलत नाही, त्याच्या तोंडचं वाक्य दुसरंच कोणीतरी लिहितं. तिला साडीचोळी झाली, जेवण झालं, संध्याकाळी घरी सोडलं.

मी तिला नंतर विचारलं, “आत्या, का गं दिलीस सही?”

म्हणाली, “जमीन घेऊन काय करू बाय? भाऊबीजेला कोणाच्या दारात जाऊ?”

तिला अडाणी समजू नका. तिचा हिशोब पक्का होता. उद्या नवऱ्याने टाकलं, मुलांनी विचारलं नाही, तर माहेर हाच तिचा विमा. सही हा त्याचा हप्ता. पण झालं काय? त्याच पैशांच्या वाटणीवरून बाबा आणि काकांचं बोलणं बंद झालं. मध्ये कुंपण आलं. आत्या एका दारात ओवाळायला गेली की दुसऱ्या दारात राग. बाबांच्या दहाव्यालाही काका लांबच उभे होते. ज्या माहेरासाठी तिने हक्क सोडला ते माहेर त्या हक्काच्या पैशांनीच मोडलं. ‘सावकारी पाश’मधला सावकार निदान बाहेरून आला होता.

बाबा गेल्यावर आमच्या उरलेल्या एकरभर जमिनीला वारस लागायचे होते. आई, धाकटा भाऊ आणि मी. भावाने व्हॉट्सॲपवर हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला. भाऊ लबाड नाही. गावात सगळे करतात तेच तो करत होता. मी फोन केला, “यात ‘स्वखुशीने’ लिहिलंय, ते कोणी ठरवलं रे?”

“अगं तायडे, फॉरमॅटच तसा असतो.”

दोघंही हसलो, आणि नंतर बराच वेळ कोणीच बोललं नाही. मग मी सांगितलं. जमीन तूच कस, भाताच्या पोत्यांचा हिशोब मी मागणार नाही. पण नाव राहू दे. विकायची वेळ आली तर तिघांनी बसून ठरवू. त्याला लगेच पटलं नाही. दोन महिने फोन कमी झाले. ते दोन महिने सोपे नव्हते, खोटं कशाला बोलू. शेवटी आईच म्हणाली, “तिघांची नावं लाव.” सात-बारावर आता तिघांची नावं आहेत.

गावात म्हणतात, बहिणीने वाटा मागितला. मी मागितला नाही. तो होता, मी फक्त सोडला नाही.

बहिणींनो, एवढं लक्षात ठेवा. वारस म्हणून नाव लागायला भावाची परवानगी लागत नाही. फेरफाराची नोटीस आली तर हरकतीला पंधरा दिवस असतात, ती डब्यात घालून ठेवू नका. ‘मी सोडलं’ असं तोंडी म्हटल्याने हक्क जात नाही. नोंदणी केलेल्या हक्कसोडपत्राने मात्र जातो आणि ते रद्द करायला दिवाणी कोर्टात वर्षं घालवावी लागतात. म्हणून कागद घरी आणा, वाचा, हवे तेवढे दिवस घ्या. सगळं कळूनही सोडायचं असेल तर जरूर सोडा, ती खरी स्वखुशी.

भावांनो, बहिणीचं नाव लागलं म्हणून माहेर तुटत नाही. आमच्याकडे मला या दिवाळीलाही बोलावणं होतं. आत्यालाही मीच घेऊन आले. ती दोन्ही दारांत गेली, आधी काकांकडे, मग आमच्याकडे.

ही पोस्ट भावाला दाखवूनच टाकतेय. वाचून म्हणाला, “टाक. फक्त गट नंबर लिहू नकोस.”