घळीच्या टोकावरून काढलेला फोटो

गेल्या वर्षी चैत्रात आमच्या घरी चार फोटोंवरून मोठाच कलह होण्याची वेळ आली. आम्ही उभयता रत्नागिरी शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. गावचे घर तेथून वीस किलोमीटरवर, वाडीच्या उतारावर आहे. आईवडील गेल्यापासून तेथे आक्का एकटी राहते. थोरले दादा भांडुपला असतात. कोणा दलालाने रस्त्यावर उभे राहून घराचे फोटो काढले आणि गिऱ्हाइकासह ते दादांकडे पोहोचवले. दादांचा फोन आला, "घर पडलंय. मातीमोल व्हायच्या आधी देऊन टाकू. आक्का येईल आमच्याकडे."

भांडुपच्या दहा बाय बाराच्या खोलीत आक्का कुठे मावणार, हे दादांनाही ठाऊक होते. पण फोटोच तसे होते. आमचे घर रस्त्यापेक्षा पुरुषभर खाली आहे. रस्त्यावरून दिसते ती पुढची पडवी, आणि पडवीचे दोन वासे दोन पावसाळ्यांपूर्वी मोडले. मागचे चिऱ्याचे माजघर, सरळ आढे, विहीर, परडे, यातले काहीच तेथून दिसत नाही. फोटो खोटे नव्हते. नको तेवढेच खरे होते.

फोनवर कितीही सांगितले तरी दादांना ते पटेना. तेव्हा आम्ही ठरवले की घराचा वरून फोटो काढायचा, कौले आणि अंगण एकाच नजरेत येतील असा.

प्रथम अर्थातच ड्रोन आठवले. लग्नाचे चित्रण करणाऱ्या एका ओळखीच्याला विचारले. त्याने अर्ध्या दिवसाचे पाच हजार सांगितले. तेवढ्यात पडवीचे वासे येतात! स्वतः घ्यावे तर त्यालाही अडचणी. परदेशी तयार ड्रोन आणण्यावर फेब्रुवारी २०२२ पासून सरकारची बंदी आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या 'नॅनो' ड्रोनला चालकाचा दाखला लागत नाही हे खरे, पण कोठे उडवता येते हे सरकारी नकाशावर पाहावेच लागते, आणि रत्नागिरीच्या धावपट्टीवर तर तटरक्षक दलाचा तळ आहे. एकाच घराच्या एकाच फोटोसाठी हा सगळा खटाटोप आम्हाला पेलणारा नव्हता.

कोणी म्हणाले, सरकार गावठाणाचे ड्रोनने चित्रण करतेच की! ती स्वामित्व योजना, २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेली. पण तिचे काम वेगळे. सरळ वरून घेतलेल्या चित्रांवरून हद्दींचा नकाशा होतो आणि त्यावरून मालमत्तेचे पत्रक मिळते. सरळ वरून छप्पर दिसते, त्याखालची भिंत उभी आहे की कोसळली ते दिसत नाही. आम्हाला तिरपी नजर हवी होती. आणि तिला फार उंचीही लागत नाही. शंभर मीटरवरून घर काड्यापेटीएवढे दिसते. कौलारू घराला वीस-पंचवीस फूट पुष्कळ झाले.

पंचवीस फूट म्हणजे झाड, असे वाटून फणसावर चढणे झाले. फोटोत निम्मी पाने आली. शिडी लावली तर अंगणात ती टेकवायची कशाला? मग बाजारात गेलो. भिंती रंगवणारे लांबवता येणारी ॲल्युमिनियमची काठी वापरतात, ती बाराशेला मिळाली. मोबाईल धरायचा चिमटा निराळा घेतला, तर काठीचे आटे आणि चिमट्याचे आटे जुळेनात. शेवटी लेथवाल्याकडून ऐंशी रुपयांत जोड करून घेतला. एवढे करून काठी पूर्ण ताणली तर ती माडाच्या झावळीसारखी डुलू लागली. लेथवाल्यानेच समजावले की आडव्या धरलेल्या काठीची लांबी दुप्पट केली की टोकाच्या ओझ्याने ती आठपट वाकते. हे आधी कळले असते तर बाराशे रुपये वाचले असते.

उंचावरून फोटो घेण्याचा हा खटाटोप जुना आहे म्हणा. फ्रान्सच्या नादारने १८५८ मध्ये पॅरिसजवळ बलूनमधून फोटो घेतला. १८८८ मध्ये आर्थर बात्यूने पतंगाला कॅमेरा बांधला. १९०६ च्या भूकंपानंतर उद्ध्वस्त झालेले सॅन फ्रान्सिस्को जॉर्ज लॉरेन्सने पतंगांच्या माळेवरूनच टिपले. पतंगाचा विचार आमच्याही मनात आला होता. आक्का म्हणाली, "फोन विहिरीत गेला की तूच उतर."

उपाय तिच्याच पडवीत उभा होता. आंब्याची घळ! अठरा फुटी बांबू, टोकाला जाळी आणि पाते. हापूसचा एक आंबा पाव किलोचा, आणि जाळीत एका वेळी चार आंबे सहज येतात. म्हणजे किलोभर ओझे टोकावर तोलायलाच ती घडवलेली. मोबाईल तर दोनशे ग्रॅमचा! दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा देठासकट आंबा काढणारा नूतन झेला आम्ही पाहिला होता, पण घळीवर कॅमेरा लावावा हे कधी सुचले नव्हते. पाते काढले, चिमटा सुतळीने आणि सायकलच्या ट्यूबने आवळला, मोबाईलला वेगळी दोरी बांधून ती बांबूला अडकवली. दीडशे रुपयांचे बिनतारी बटण आणले, ते तीसेक फुटांवरून चालते.

असे करणाऱ्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. विजेच्या तारेजवळ काठी नेऊ नये. ॲल्युमिनियमची तर मुळीच नाही, आणि ओला बांबूही तितकाच घातकी. आमच्याकडे खांबावरून घरात तार येते, म्हणून ती बाजू आम्ही सोडूनच दिली. दुसरे म्हणजे सकाळी लवकर उभे राहावे. दुपारी खारा वारा सुटला की घळ हातात राहत नाही.

सकाळी सात वाजता रस्त्याच्या कडेला उभे राहून एकाने घळ धरली, दुसरीने लांबून कोन सांगितला. मोबाईलमध्ये सगळे रुंद दाखवणारी दुसरी नजर असते, ती वापरली नाही. तिने चार गुंठे दहा गुंठे दिसतात, आणि दलाल लोक तेच करतात. साठ फोटोंतले नऊ चांगले निघाले. आढे सरळ होते. माजघराच्या चारही भिंती उभ्या होत्या. विहीर, गडगा, परड्यातली केळी, सगळे एका फोटोत आले. गडग्याची हद्द फोटोवरून ठरत नाही, त्याला भूमी अभिलेखची मोजणीच लागते. पण आमचा वाद हद्दीचा नव्हता.

मात्र स्वयंपाकघरावरच्या उतरत्या छपरावर एक निळा चौकोनही दिसला. तो आम्हाला जमिनीवरून कधी दिसला नव्हता. तो फोटो पाठवावा की गाळावा, यावर आमच्यात रात्री बरीच बोलाचाली झाली. गाळला असता तर आम्ही आणि तो दलाल यांत फरक काय राहिला असता? नऊच्या नऊ पाठवले.

दादांचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. पडवीबद्दल ते बोललेच नाहीत. "मागे निळं काय आहे रे?" त्यांनी विचारले. फोन आक्काकडे दिला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ताडपत्री. दोन वर्षं आहे. तुम्हाला कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असतात, विका."

दादाही बराच वेळ बोलले नाहीत. विक्रीचे अजून काही ठरलेले नाही. गिऱ्हाईक अधूनमधून फोन करते. पण दादा आणि वहिनी मे महिन्यात पंधरा दिवस येऊन राहिले. येण्याआधी दादांनी फोटो मोठा करून ताडपत्रीच्या कडेची फुटकी, सरकलेली कौले मोजली होती. त्यांच्या मते बेचाळीस. आम्ही मोजली ती एकोणचाळीस. आक्का म्हणाली, "ताडपत्रीखालची कोण मोजणार? साठ आणा."