मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर जुन्या चित्रांवर हात फिरवताना

माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले. डाव्याचं अजून व्हायचं आहे. सत्तावन्नाव्या वर्षी म्हणजे जरा लवकरच, पण मधुमेह असलेल्यांना मोतीबिंदू लवकर गाठतो हे मी ओपीडीत रोज सांगतो आणि माझा मधुमेह पंधरा वर्षांचा आहे. तक्रार कुणाकडे करणार?

वीस वर्षांपासून रविवारी जलरंगात चित्रं काढायचा मला छंद आहे. ऑपरेशननंतरच्या सुट्टीत जुनी चित्रं बाहेर काढली आणि एकेक डोळा झाकून पाहत बसलो. डाव्या डोळ्याला कोरा कागद सायीच्या रंगाचा दिसतो, उजव्याला निळसर पांढरा.

असं का होतं? वयाबरोबर डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिवळट होत जातं आणि निळा-जांभळा प्रकाश अडवू लागतं. हे इतकं सावकाश होतं की मेंदू जुळवून घेतो आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. काळा मोजा आणि गडद निळा मोजा यांची जोडी जमवून घराबाहेर पडणारे आजोबा तुम्ही पाहिले असतील. ती या बदलाची घरगुती खूण. नवीन भिंग बसलं की जग एकदम निळसर वाटतं. तेही काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत अंगवळणी पडतं. घाबरू नका.

चित्रकार क्लोद मोने यातून गेला होता. 1912 मध्ये त्याच्या मोतीबिंदूचं निदान झालं, 1923 मध्ये, वयाच्या 82 व्या वर्षी, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. त्या काळी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवत नसत. मधल्या वर्षांत तो ट्यूबवरची नावं वाचून रंग निवडायचा. ऑपरेशननंतर त्याने काही चित्रं पुन्हा रंगवली, काही नष्ट केली. पण तो तैलरंगातला माणूस, थरावर थर चढवू शकत होता. जलरंगात उजेड कागदाचाच असतो. तो एकदा झाकला की परत आणणं कठीण.

माझी बारा चित्रं मी दुरुस्तीसाठी बाजूला ठेवली. उदाहरणार्थ मेणवलीचा घाट. झाडाखालची सावली तेव्हा मला एकसंध गडद दिसत होती. आता उजव्या डोळ्याला तिथे निळे आणि जांभळे ठिगळ दिसतात. अशा वेळी आधी कोपऱ्यात चाचणी घ्यायची. अल्ट्रामरीन किंवा बर्न्ट सिएना ओलं केलं की बऱ्यापैकी उचललं जातं. प्रशियन ब्लू आणि थॅलो ब्लू मात्र कागदाच्या धाग्यांत मुरतात, त्यांच्या मागे लागू नये. स्वच्छ पाणी लावा, मिनिटभर थांबा, टिश्यू पेपरने टिपून घ्या. घासू नका. चांगल्या कागदाला खळ दिलेली असते, ती घासून गेली की पुढचा रंग टीपकागदावरच्या शाईसारखा फुटतो. 300 जीएसएमचा सुती कागद हे सगळं सोसतो, साध्या ड्रॉइंग पेपरचे मात्र लोळे निघतात. मग चित्र पूर्ण वाळू द्यायचं आणि ठिगळांवरून बर्न्ट सिएनाचा अगदी पातळ हात एकदाच फिरवायचा. दुसऱ्यांदा तिथे ब्रश नेला की खालचा थर हलतो. (आणि ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवय असेल तर आजच सोडा. काही पिवळ्या-लाल रंगांत कॅडमियम असतं.)

घाट सुधारला. आणखी चारांचं बरं झालं. दोन कापून लहान केली. बाकीची जशी होती तशी ठेवली.

कुठल्या डोळ्याचं ऐकायचं, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. दोन रंग एकमेकांपासून वेगळे आहेत का, हे उजव्या डोळ्याला विचारायचं. तो ते नक्की जास्त चांगलं सांगतो. चित्र एकंदर निळं झालंय की पिवळं, हे मात्र इतक्यात ठरवायचं नाही, कारण मेंदूची सवय अजून बदलते आहे.

बारातलं एक चित्र आईचं आहे. ती जायच्या आदल्या वर्षी, गॅलरीत बसलेली. अंगावर काळी नऊवारी. उजव्या डोळ्याने पाहिलं तर चित्रातली नऊवारी चक्क निळी! ती काळी करायला मी रंग कालवलाही होता. तेवढ्यात आठवलं, ते लुगडं अजून कपाटात आहे. बायकोने काढून दिलं, खिडकीपाशी उजेडात धरलं. तेही निळंच. गडद, पण निळं.

विचार केल्यावर उलगडा झाला. समोर पाहून काढताना लुगडंही पिवळ्या भिंगातून दिसत होतं आणि कागदावरचा रंगही. दोन्ही सारखे दिसेपर्यंत मी रंग मिसळत गेलो, त्यामुळे कागदावर उतरला तो जवळपास खरा रंग. मला ‘काळा’ वाटला एवढंच. बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, “निळीच होती रे ती. भाऊबीजेला तूच आणली होतीस.”

लुगड्याला हात लावलेला नाही. आईच्या उजव्या हाताखालची सावली थोडी गढूळ आहे, ती उचलता येईल असं वाटतं. डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. ती सावली त्यानंतर पाहीन.