रानमांजरांचा मोसम

सासरा आणि जावई यांनी एकमेकांशी काय बोलावं, हा प्रश्न आपल्या समाजाने अजून सोडवलेला नाही. हवापाणी, ब्लडप्रेशर आणि "प्रवासात त्रास नाही ना झाला?" एवढ्या भांडवलावर माणूस किती दिवस काढणार? त्यातून आमचे जावई मुळात अबोल. शिकागोजवळ त्यांच्या घरी आमचा मुक्काम तीन महिन्यांचा, आणि चौथ्या दिवशीच हवापाणी संपलं. शेवटी भिंतीवरच्या जांभळ्या झेंड्याकडे बोट दाखवून मी विचारलं, "हे काय हो?"

जावई दोन तास बोलत होते.

झेंडा होता त्यांच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा. नाव वाइल्डकॅट्स, म्हणजे रानमांजरं. फुटबॉल अर्थात अमेरिकन. त्यात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्यांचा. साठ मिनिटांच्या खेळाला तीन तास लागतात. आमच्या कचेरीत साठ मिनिटांच्या कामाला आठ तास लागत, त्यामुळे हे मला चटकन समजलं. रानमांजरं 'बिग टेन' नावाच्या गटात खेळतात. १९९५ साली या दहांत अकरा संघ होते, २०२४ पासून अठरा आहेत. नाव मात्र दहाच!

ही मांजरं हरण्यात पटाईत. १९७९ ते १९८२ या काळात ओळीने ३४ सामने हरली. १९८१ साली सलग २९वा पराभव होऊन विक्रम मोडला, तेव्हा पोरं मैदानात घुसून 'आम्हीच सगळ्यांत वाईट' असं ओरडत नाचली. पुढच्या वर्षी एकदाचे जिंकले, तर गोलचे खांब उपटून मिशिगन सरोवरात टाकले.

जावई तिथं पोचले १९९४ साली. ओळखीचं कोणी नाही, थंडी हाडं गोठवणारी. शनिवारी सगळे स्टेडियमवर जात म्हणून तेही जात. त्या वर्षी तीन जिंकले, सात हरले, एक बरोबरीत. "म्हटलं, आपल्यासारखेच आहेत," जावई म्हणाले. एवढं खासगी वाक्य त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं.

आणि १९९५ उजाडलं. पहिलाच सामना बलाढ्य नोत्र दामशी, त्यांच्या घरात. कोच गॅरी बार्नेट यांनी पोरांना आधीच बजावलं होतं, जिंकल्यावर मला खांद्यावर घ्यायचं नाही. जिंकले! १७-१५. पुढच्या सामन्यात मायामीकडून हरले, तेही फ्लोरिडातलं मायामी नव्हे, ओहायोतलं. पण त्यानंतर ओळीने नऊ जिंकले. मिशिगन, पेन स्टेट, सगळे लोळवले. चेंडू घेऊन पळणारा डार्नेल ऑट्री नाट्यशास्त्राचा विद्यार्थी होता, हे ऐकून आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर आली.

तरी रोझ बोलचं नक्की नव्हतं. ओहायो स्टेटही अजिंक्य, आणि त्या वर्षी या दोघांची गाठच पडलेली नव्हती. २५ नोव्हेंबरला मिशिगनने ओहायो स्टेटला हरवलं तरच मांजरं कॅलिफोर्नियाला जाणार. हे गणित आपल्याला कोणी शिकवायला नको. 'अमका तमक्याकडून हरला की आपण सेमीफायनलला' यावर आपली हयात गेली. मिशिगन ३१-२३ ने जिंकलं. १९४९ नंतर प्रथमच नॉर्थवेस्टर्न रोझ बोलला!

"त्या रात्री अनोळखी लोकांनी मला मिठ्या मारल्या, बाबा," जावई म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

१ जानेवारी १९९६. समोर यूएससी. चौथ्या डावात मांजरं ३२-३१ ने पुढं.

"मग?"

"मग काय, ४१-३२. हरलो. त्या कीशॉन जॉन्सनला आवरणारच कोण?"

"पण ३२-३१ होतं तेव्हा किती वेळ उरला होता?"

जावयांनी खुर्ची पुढं ओढली. आतून ही जेवायला हाका मारत होती. आम्ही दोघंही अबोल.