दोन काउंटर, दोन दंड

संगणकावर लिहा, पण कृत्रिम बुद्धिमत्तेवर नको, त्यावर आधीच ढीगभर लेख आलेत, असं संपादकांनी बजावलं. बरंच झालं. माझा धंदा जुनी सॉफ्टवेअरं नव्या यंत्रणेवर चालती ठेवण्याचा. नातेवाइकांच्या लेखी मी प्रिंटर दुरुस्त करणारा माणूस, आणि ती समजूत दूर करायचा नाद मी केव्हाच सोडला.

मध्यंतरी तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयातून बोलावणं आलं. तिथे लिनक्सवर पुस्तकांच्या देवघेवीचा एक प्रोग्रॅम चालतो. संगणक नवे घेतले, तेव्हा माझ्या आधीच्या मंडळींनी तो नव्या यंत्रणेवर चढवून दिला होता. तक्रार अशी, की उशिरा आणलेल्या पुस्तकाला एका काउंटरवर रोज 50 पैसे दंड पडतो आणि शेजारच्या काउंटरवर 1 रुपया. वाचक हुशार. सगळी रांग पहिल्या काउंटरला. ग्रंथपालबाईंचं निदान तयारच होतं : व्हायरस! संगणकात काहीही बिनसलं की आपल्याकडे आधी व्हायरस आठवतो.

व्हायरस नव्हता. सेटिंगांचं स्थलांतर झालं होतं, आणि तेही अगदी नियमाप्रमाणे.

लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपचे प्रोग्रॅम पूर्वी आपली सेटिंगं जीकॉन्फ नावाच्या यंत्रणेकडे ठेवत. 2002 साली आलेल्या ग्नोम 2 मध्ये सर्वत्र तीच होती. तुमच्या होम फोल्डरात एक लपलेला फोल्डर, त्यात एक्सएमएलच्या असंख्य छोट्या फायली. कुठल्याही प्रोग्रॅमला काही हवं असलं की मागे सतत चालणाऱ्या एका सेवेला विचारायचं. लॉगिन करताना सगळेच एकदम विचारायला लागले की संगणक रखडायचा. 2010 मध्ये जीसेटिंग्ज आलं, त्याच्या पोटात डीकॉन्फ, आणि पुढच्या वर्षी ग्नोम 3 ने तेच धरलं. आता सगळं एकाच बायनरी फायलीत. वाचायचं तर प्रोग्रॅम ती फाइल थेट मेमरीत घेऊन वाचतो. सेवेला उठवायचं फक्त लिहिताना. ‘ही तर विंडोजची रजिस्ट्री झाली’ अशी बोंब अजूनही ऐकू येते. बोंब मारणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती फाइल प्रत्यक्ष उघडायचा प्रयत्न केलेला असतो.

नवी यंत्रणा शिस्तीची आहे. प्रत्येक सेटिंग आधी स्कीमा नावाच्या फायलीत जाहीर करायचं : नाव, प्रकार, डीफॉल्ट, हवी तर मर्यादा. नावात अंडरस्कोर चालत नाही, हायफन लागतो. डीफॉल्ट मजकुराचा असला तर एक्सएमएलच्या आत पुन्हा अवतरणचिन्हं द्यावी लागतात. ती विसरलात की स्कीमा कंपाइलच होत नाही. आणि स्कीमात नसलेलं नाव प्रोग्रॅमने मागितलं, तर प्रोग्रॅम जागच्या जागी बंद पडतो. मला हे आवडतं. चुकीच्या आकड्यावर बिनबोभाट चालत राहण्यापेक्षा बंद पडलेलं बरं. (संपादक, हा परिच्छेद कापू नका.)

तर जुन्यातून नव्यात न्यायला एक छोटं हत्यार मिळायचं. जुनं नाव आणि नवं नाव अशी जोडी लिहून द्यायची. लॉगिनच्या वेळी ते जुन्या व्हॅल्यू उचलून नव्या घरात टाकतं आणि काम झाल्याची नोंद ठेवतं, म्हणजे पुन्हा करत नाही. मात्र ते उचलतं काय? माणसाने स्वतः लिहिलेल्या व्हॅल्यू तेवढ्याच. डीफॉल्टला हात लावत नाही.

पहिल्या काउंटरच्या जुन्या डिस्कवर मला एक ओळ सापडली : दंड, प्रकार फ्लोट, व्हॅल्यू 0.5 आणि नोंदीची वेळ, बरीच जुनी. कधीतरी कुणीतरी आकडा बदलून पुन्हा होता तसा केला असणार. दुसऱ्या काउंटरच्या डिस्कवर ती ओळच नव्हती. तिथेही 50 पैसेच लागत होते, पण ते डीफॉल्टमधून येत होते. नवी स्कीमा लिहिणाऱ्याने डीफॉल्ट 1 रुपया केला. आजच्या काळात 50 पैसे कोण देतं, असं त्याला वाटलं असेल. पहिल्या काउंटरवर लिहिलेली व्हॅल्यू तशीच आली, दुसऱ्यावर नवा डीफॉल्ट लागला. (दंडाचा दर प्रत्येक संगणकावर वेगळा ठेवणं हा मूळ प्रोग्रॅमचा गाढवपणा, तो वेगळाच.)

आमच्या धंद्यात यावरून हमरीतुमरी होते. एक पक्ष म्हणतो, स्थलांतरात डीफॉल्टसुद्धा लिहून टाका, माणसाला फरक जाणवता कामा नये. ऐकायला छान. पण मग सगळ्याच व्हॅल्यू ‘माणसाने निवडलेल्या’ ठरतात आणि पुढे सुधारलेला डीफॉल्ट त्या माणसापर्यंत कधीच पोचत नाही. धोकादायक म्हणून बदललेलं एखादं सेटिंगही त्याच्याकडे जुनंच राहतं. दुसरा पक्ष म्हणतो, ज्याने हात लावला नाही त्याचं काही म्हणणं नाही. मी इतकी वर्षं दुसऱ्या पक्षात आहे आणि तांत्रिकदृष्ट्या अजूनही आहे. पण ग्रंथपालबाई म्हणाल्या, “आकडा बरोबर होता, मग मी कशाला हात लावू?” त्यांनी तो बघितला होता, पटला होता आणि खिडकी बंद केली होती. यंत्राच्या लेखी हे आणि कधीच न बघणं सारखंच. बाईंना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्कीमात त्यासाठी जागाच नाही.

वाचनालयाच्या समितीने पुढच्या बैठकीत दोन्हीकडे 1 रुपया केला. मी तो दोन्ही संगणकांवर मुद्दाम लिहून ठेवला, डीफॉल्ट तोच असूनही.

तुमच्या दुकानात, दवाखान्यात, सोसायटीच्या कचेरीत कुणी सॉफ्टवेअर नव्या यंत्रणेवर न्यायला येणार असेल, तर आदल्या दिवशी सेटिंगांची खिडकी उघडा आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. ज्या आकड्यांना तुम्ही कधी हात लावलेला नाही, त्यांचा तर नक्कीच.