अडकित्ता घरीच राहू द्या

गिरगावातील चाळींत परदेशगमन हा एके काळी साऱ्या मजल्यांचा सोहळा असे. जाणारा बहुधा तरुण, शिक्षणासाठी नाहीतर नोकरीसाठी निघालेला. त्याला निरोप द्यायला बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर, आणि विमानांचे दिवस आल्यावर सांताक्रूझला, टॅक्सी भरभरून माणसे जात. हातात नारळ, गळ्यात हार आणि माणूस दिसेनासा होईपर्यंत हलणारे रुमाल. आज त्याच चाळींतून, दादरच्या सोसायट्यांतून आणि लालबाग-परळच्या नव्या टॉवरांतून विमानतळाकडे निघणारी माणसे वेगळी आहेत. आता आईवडील निघतात. वय सत्तरीच्या पुढे, एका हातात काठी, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. मुले-नातवंडे पलीकडच्या टोकाला, आणि निरोप द्यायला मागे कोणी असेलच असे नाही.

वाचकहो, या प्रवासाच्या पहिल्या तीन तासांविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे. आकाशातील वेळ कशीबशी निघून जाते. ज्येष्ठांचा खरा कस लागतो तो जमिनीवर, सामानाच्या काउंटरपाशी आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेत.

माझी मावशी फणसवाडीतली. पहिल्यांदा ती लेकीकडे अमेरिकेला निघाली तेव्हा सामान आम्ही भरले. ‘तू नुसती बैस,’ असे तिला प्रेमाने सांगितले आणि तिथेच चूक केली. तिच्या मधुमेहाची औषधे व इन्सुलिन आम्ही ‘जड होईल’ म्हणून मोठ्या बॅगेत ठेवली. हातातल्या पिशवीत तिने आपल्या आईचा पितळी अडकित्ता स्वतःच ठेवला होता. सुपारीशिवाय तिचे जेवण पुरे होत नसे. तपासणीत अडकित्ता निघाला. मोठी बॅग तोवर आत गेलेली, आम्ही घरी परतलेलो. अडकित्ता तिथेच टाकून तिला पुढे जावे लागले. त्याआधी गुडघ्यातील धातूमुळे दारातील यंत्र वाजले होते, आणि का वाजले हे घाबरल्यामुळे तिला सांगता आले नव्हते. मोठी बॅग तर तिकडे दोन दिवस उशिरा पोहोचली. जावयाने धावपळ करून औषध मिळवले, पण मावशीने मनात गाठ बांधली. पुढे सहा वर्षे ती विमानात बसली नाही. नातीचे लग्न तिने फणसवाडीत बसून फोनच्या पडद्यावर पाहिले.

तो अडकित्ता गेला याचे मला आजही वाईट वाटते. पण त्याहून मोठी गोष्ट गेली ती लग्नाची, आणि ती केवळ तयारीअभावी गेली.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन आपल्या छोट्या पस मॉथ विमानाने जुहूच्या धावपट्टीवर उतरले, तेव्हा आजच्यासारखी तपासणी कोणाच्या स्वप्नातही नव्हती. आजचे नियम एकेका प्रसंगातून आले आहेत. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारे विमान पळवून कंदाहारला नेले गेले. त्यानंतर आपल्या विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आली. ऑगस्ट २००६ मध्ये द्रवरूप स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट लंडनमध्ये उघडकीस आला आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातील पिशवीत १०० मिलिलिटरहून मोठी बाटली नेण्यास बंदी आली. रांगेत उभे असताना हे आठवले तर समोरचा जवान आपल्यावर संशय घेतो आहे, ही बोच थोडी कमी होते.

आता आपल्या घराकडे वळू. मराठी घरातून निघणाऱ्या सामानात अडचणीची ठरते ती पूजेची पिशवी, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. कापूर आणि काडेपेटी मोठ्या बॅगेतही चालत नाही, हातातही नाही. सुक्या खोबऱ्याचे तर आणखी चमत्कारिक. तेलाचा अंश असलेले खोबरे साठ्यात आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून हवाई वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. ओटीतली खोबऱ्याची वाटी देवाची असली तरी यंत्राला ते कळत नाही. नारळाचेही तेच. शबरीमलेच्या यात्रेकरूंना इरुमुडीतील नारळ हातातील सामानात नेता यावा म्हणून २०२४-२५ च्या यात्राकाळापुरती खास सवलत द्यावी लागली होती, यावरून एरवीचा नियम ध्यानात यावा.

लालबागच्या चिवडा गल्लीतला चिवडा खुशाल न्या. मसाला गल्लीतून दळून आणलेला मसाला, भाजणी, मेतकूट हे सारे मोठ्या बॅगेत, दुहेरी पिशवीत बांधून. अमेरिकेकडे जाताना हातातील पिशवीत जास्त पूड असली की ती उघडून तपासतात. लोणचे, तूप, मुरांबा, श्रीखंड यांना आपण ‘पातळ’ म्हणत नाही, पण तपासणीच्या लेखी ते द्रवच. आणि एक गोष्ट विसरू नका. संयुक्त अरब अमिरातीत खसखस निषिद्ध आहे. आपले अनारसे खसखशीवर थापलेले असतात. दुबईतल्या लेकाला अनारशांचा डबा नेण्याचा मोह या एका कारणासाठी आवरावा. त्या देशांत काही वेदनाशामक गोळ्यांवरही, विशेषतः ट्रामाडॉल व कोडीन असलेल्या, कडक नियंत्रण आहे. आपल्या औषधांत त्या असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून परवानगीची व्यवस्था करावी.

औषधांविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. सर्व औषधे हातातील पिशवीतच ठेवावीत, आणि ती प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त पुरतील इतकी असावीत. आठवड्याच्या कप्प्यांची डबी घरी सोयीची, विमानतळावर मात्र मूळ पाकिटातील पट्ट्याच बऱ्या. गोळीचे नाव वाचता येते. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ रासायनिक नावासह, टंकलिखित आणि शक्यतो इंग्रजीत घ्यावी. इन्सुलिन मोठ्या बॅगेत कदापि ठेवू नये. विमानाच्या पोटातील थंडीत ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेल्या इन्सुलिनवर विसंबता येत नाही. सुया आणि पेन चिठ्ठीसह हातात नेता येतात. हृदयविकाराची जिभेखाली ठेवण्याची गोळी सदऱ्याच्या खिशात ठेवायची सवय असते. तपासणीला खिसे रिकामे करावे लागतात, तेव्हा ती पिशवीच्या वरच्या कप्प्यात जाऊ द्या आणि ती कुठे आहे हे सोबतच्या माणसालाही सांगून ठेवा.

परळच्या वाचकांसाठी, आणि परळला उपचारांसाठी आलेल्या घरांसाठी, दोन शब्द वेगळे. केईएम, टाटा रुग्णालय यांच्या परिसरात देशभरातून रुग्ण येतात आणि उपचार झाल्यावर विमानाने परततात. शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर विमान कंपनी डॉक्टरांचे प्रवासयोग्यतेचे प्रमाणपत्र मागते, ते आयत्या वेळी मिळत नाही. घरचा प्राणवायूचा सिलिंडर विमानात नेता येत नाही. वाहून नेण्याजोगे प्राणवायू-यंत्र चालते, पण कंपनीची पूर्वपरवानगी काढून. पोटावर पिशवी लावलेली असेल, कृत्रिम अवयव असेल, तर पडद्याआड तपासणी मागण्याचा आपल्याला हक्क आहे. मागताना संकोच करू नये. किरणोत्सारी आयोडीनचा उपचार किंवा तशा प्रकारचा स्कॅन झाला असेल तर परदेशी विमानतळांवरील किरणमापक काही काळ त्याची नोंद घेऊ शकतात. रुग्णालयाचे पत्र जवळ असले की प्रश्न तिथेच संपतो.

गुडघा किंवा खुबा बदललेल्यांनी दारातून जाण्याआधीच सांगावे, ‘माझ्या पायात धातू आहे.’ यंत्र वाजल्यावर सांगणे आणि आधी सांगणे यात फार फरक पडतो. एकात आपण उत्तर देत असतो, दुसऱ्यात माहिती देत असतो. पेसमेकर असलेल्यांनी त्याचे कार्ड पाकिटात ठेवावे, दारातून रेंगाळत न राहता सरळ पुढे जावे, आणि हातातील यंत्र छातीपाशी धरून ठेवू नये, हाताने तपासावे, अशी विनंती करावी. परदेशात काही ठिकाणी दोन्ही हात वर करून उभे राहावे लागते. खांदा आखडलेला असेल तर तसे सांगावे. आपल्याकडे स्त्रियांची तपासणी पडद्याआड महिला जवानच करतात. मंगळसूत्र काढावे लागेल का, या भीतीने कित्येक आज्या आदल्या रात्री झोपत नाहीत; आपल्याकडे सहसा काढायला लावत नाहीत. खरे घोटाळे करतात ते साडीला ठिकठिकाणी लावलेले पिन आणि कमरेच्या पट्ट्यातील धातूच्या कांबी.

पाणी प्यायलेली बाटली, चष्मा, फोन, किल्ल्या असे एकेक सुटे ट्रेमध्ये टाकले की पलीकडे काहीतरी हमखास राहते. सारे पिशवीच्या एका कप्प्यात घालून चेन लावा आणि मगच पिशवी पट्ट्यावर सोडा. पलीकडे बसायला खुर्ची मागा, चपला शांतपणे घाला. मागच्या रांगेची काळजी करू नका.

चाकाच्या खुर्चीबद्दल आपल्याकडे अजून लाज आहे. ‘मी काय पांगळा आहे?’ असे काका-आजोबा हमखास म्हणतात. सहारच्या टर्मिनल २ मध्ये दारापासून विमानापर्यंतचे अंतर चालून पाहिलेला माणूस पुन्हा तसे म्हणत नाही. खुर्चीची मागणी ४८ तास आधी नोंदवावी आणि नोंदवताना नेमके सांगावे: केवळ अंतर चालवत नाही, की जिनाही चढवत नाही, की आसनापर्यंतही उचलून न्यावे लागते. या तिन्हींची व्यवस्था वेगळी असते.

कागदपत्रांत नावाचा घोळ आपल्या स्त्रियांच्या वाट्याला अधिक येतो. लग्नाआधीचे एक नाव, नंतरचे दुसरे. आधारवर एक, पासपोर्टवर दुसरे. तिकिटावरील नाव परदेशी जाताना पासपोर्टशी आणि देशांतर्गत प्रवासात दाखवायच्या ओळखपत्राशी अक्षरशः जुळले पाहिजे. काढतानाच पाहिले तर दुरुस्ती सोपी असते.

तारखेचेही असेच. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, तिकिटावर मध्यरात्री. बारा तारखेच्या पहाटे पावणेएकचे विमान म्हणजे अकराच्या रात्री घरून निघणे. या एका गफलतीने बाराच्या रात्री विमानतळावर पोहोचलेली माणसे मी पाहिली आहेत.

निघण्याचा रस्ता. गिरगाव आणि दादरहून आता भुयारी मेट्रो थेट टर्मिनल १ व २ च्या स्थानकांपर्यंत जाते. सामान हलके असेल आणि सोबत कोणी असेल तर ती उत्तम, पण ती रात्रभर चालत नाही, आणि परदेशी विमाने बहुधा रात्रीचीच. लालबाग-परळकरांना टॅक्सीच बरी. मात्र गणेशोत्सवात, आणि अनंत चतुर्दशीला तर नक्कीच, लालबागपासून गिरगाव चौपाटीपर्यंतचे रस्ते गणपतीचे असतात. त्या दिवशीचे तिकीट असेल तर आदल्या रात्रीच उपनगरातल्या नातेवाइकांकडे मुक्काम करावा. तिकिटावर टर्मिनल कोणते, आणि आता विमानतळ मुंबईचा की नवी मुंबईचा, हेही पाहून ठेवा. देशांतर्गत विमानाचे काउंटर साधारण ६० मिनिटे आधी बंद होतात. ज्येष्ठांनी देशात अडीच तास आणि परदेशासाठी साडेतीन तास हाताशी ठेवावेत.

तिकीट नसलेल्यांना आत प्रवेश नाही. म्हणून पोहोचवायला गेलेल्यांना एक विनवणी: सुरक्षा तपासणी पार झाल्याचा फोन येईपर्यंत बाहेर थांबा. काही परत द्यायचे निघाले तर घ्यायला कोणी असावे.

गेल्या वर्षी मावशी पुन्हा निघाली. या वेळी सामान तिने स्वतः भरले, आम्ही फक्त वजन केले. आठवडाभर आधी ती आरशासमोर उभी राहून ‘माझ्या गुडघ्यात धातू आहे’ हे हिंदीत म्हणून पाहत होती, आणि आम्ही हसू दाबत होतो. सहारला दाराशी खुर्ची आली, ती कुरकुर न करता बसली आणि वळूनही न पाहता आत गेली. मी खांबाला टेकून उभी. पाऊण तासाने फोन आला.

‘झालं गं. ती मुलगी साताऱ्याची निघाली. म्हणाली, आजी, माझ्या आईचाही गुडघा बदललाय.’

‘आणि पिशवी?’

‘उघडलीच नाही. सुपारी घरूनच कातरून आणलीय, डबीभर. तू जा आता, शेवटची गाडी चुकेल.’